स्कोअर लिहिणाऱ्याने बोलायचं नसतं

१७ मे, रविवार

चर्चमधून ही वही मिळाली. घरातलं माणूस गेलं की पाद्रीबाई प्रत्येकाला एक देतात. वर छापलंय, 'मन मोकळं करा'. माझं मन मोकळंच आहे. एल्डन मार्चमध्ये गेला. सख्खा मोठा भाऊ. वाईट वाटलं. झालं. पण वहीचा कागद चांगला जाड आहे, वाया कशाला घालवायचा, म्हणून कामाच्या नोंदींसाठी वापरायची ठरवली.

काम असं. आमच्या हायस्कूलच्या मुलींच्या सॉफ्टबॉल मॅचचा स्कोअर आजवर एल्डन लिहायचा. पेन्सिलीने, मोठ्या रजिस्टरात. यंदापासून शाळा म्हणते, ॲप. टाकलेला प्रत्येक चेंडू तिथल्या तिथे फोनवर दाबायचा, की जगाच्या पाठीवर कुठेही बसलेल्या माणसाला मॅच दिसते. कोच टिमरमन बाईंनी सभेत विचारलं, हे कोण करेल? मी हात वर केला. सभेला आम्ही दोघंच होतो, पण मी वर केला.

पात्रता: अख्खी हयात औषधाच्या दुकानात गेली. डॉक्टरांचं अक्षर वाचलेला माणूस आहे मी. एल्डनच्या रजिस्टरात खाडाखोड असायची. मी त्याला तसं सांगायचो. तो म्हणायचा, 'बरं.'

१९ मे, मंगळवार

मॅरेन येऊन गेली. एल्डनची नात. शाळेचं शेवटचं वर्ष, ऑगस्टमध्ये कॉलेजला जाणार. संघात तिसऱ्या नंबरवर बॅटिंगला येते.

म्हणाली, "ऑरिन आजोबा, आजी यंदा मैदानावर येणार नाही म्हणते."

आजी म्हणजे आर्डिस वहिनी. मार्चपासून त्यांचं जाणं-येणं चर्च आणि किराणा दुकान, बस. नाहीतर एवढ्या वर्षांत एल्डनशेजारची त्यांची खुर्ची कधी रिकामी नव्हती. थर्मास मांडीवर घेऊन बसायच्या आणि पंचांना हळू आवाजात शिव्या द्यायच्या.

मॅरेन म्हणाली, "माझा शेवटचा सीझन आहे. एक तरी मॅच बघायला तिला आणाल?"

शब्द दिला. योजना लगेच सुचली. वहिनींच्या फोनवर ॲप घालून द्यायचं. मी इतका बिनचूक आणि जिवंत स्कोअर पाठवणार, की त्यांना घरी बसवणारच नाही. आपोआप उठून येतील.

मॅरेन म्हणाली, "पण घरबसल्या सगळं दिसायला लागलं, तर ती येईल कशाला?"

लहान आहे. माणसाचं मन कळायला वय लागतं.

२६ मे, मंगळवार

पहिली मॅच, डनबारविरुद्ध, घरच्या मैदानावर. बॉक्समध्ये, म्हणजे मैदानामागे जिना चढून जी लाकडी खोली आहे तिथे, एल्डनच्या खुर्चीवर बसलो. शेजारी ट्वायला. शाळेची लायब्ररी सांभाळते आणि मॅचला माइकवरून नावं पुकारते.

सुरुवात उत्तम. दुसऱ्या इनिंगमध्ये वहिनींचा फोन.

"ऑरिन, आपण जिंकतोय का हरतोय?"

म्हटलं, जिंकतोय, चार-एक.

"मग इथे डनबार कसं जिंकतंय?"

ट्वायलाने माझ्या फोनमध्ये डोकावलं. म्हणाली, "अहो ऑरिन, तुम्ही यजमान आणि पाहुणे उलटे टाकलेत. आपल्या सगळ्या रन त्यांच्या खात्यात चालल्यात."

मी यंत्रणा तपासून पाहत होतो, असं सांगितलं. ट्वायला म्हणाली, "झाली का तपासून?"

पहिल्या दिवसाच्या मानाने प्रगती समाधानकारक.

१ जून, सोमवार

अडचण माझ्यात नाही, अंगठ्यात आहे. अंगठा रुंद आहे. 'आऊट' दाबायला गेलं की शेजारचं 'होम रन' दबतं. शुक्रवारी आमची मुलगी तीन चेंडूंत आऊट झाली आणि ॲपने तिला सगळ्या बेसवरून फिरवून घरी आणली. तिच्या आईने फोटो काढून ठेवला म्हणतात.

उपाय: करंगळी वापरणे. गोळ्या मोजायची जुनी पट्टीही वापरून पाहिली. फोनला पट्टी कळत नाही.

५ जून, शुक्रवार

करंगळी नाजूक आहे पण उतावळी आहे. दोनदा दाबते. वहिनींचा फोन: "अरे, एकाच मुलीला एकाच चेंडूवर दोनदा आऊट केलंस. एल्डनला एवढ्या वर्षांत हे जमलं नव्हतं."

त्या हसल्यासारख्या वाटल्या. खोकला असावा. रविवारी जाताना औषध नेणे.

९ जून, मंगळवार

आज मोठा शोध लागला. प्रत्येक चेंडूच्या नोंदीखाली ॲपमध्ये एक रिकामी चौकट असते. 'टिप्पणी.' स्कोअर लिहिणाऱ्याला स्वतःपुरतं काही टिपून ठेवायचं असेल तर ही सोय. औषधाच्या चिठ्ठीच्या कडेला आम्ही दुकानात पेन्सिलीने लिहायचो, तसंच. मग लिहिलं. फार बरं पडतं. मॅचचा वेळही जातो.

आजच्या काही टिप्पण्या, शैलीचा नमुना म्हणून इथे उतरवतो:

'पंचांनी डोळे तपासून घ्यावेत. डॉक्टर सोमवार ते शुक्रवार असतात.'

'टिमरमन बाईंनी पुन्हा बंट करायला लावलं. हळूच चेंडू टेकवून काय मिळतं? मागच्या वेळी काय मिळालं?'

'डॅरिल सोरेन्सन तिसऱ्या इनिंगपासून झोपला आहे. चेंडू टाकतेय ती त्याचीच मुलगी.'

'ही खुर्ची डुगडुगते. इतकी वर्षं कसा बसला हा? विचारायचं राहिलं.'

१४ जून, रविवार

दुपारचं जेवण वहिनींकडे, नेहमीप्रमाणे. ओव्हनमधून निघालेली खिमा-बटाट्याची हॉटडिश आणि वर रुबार्बच्या आंबट देठांची गोड पेस्ट्री. टेबल चार जणांचं आहे, आता दोघांना मोठं होतं. ते भिंतीला सरकवावं असं मी सुचवलं. वहिनी म्हणाल्या, "राहू दे."

खोकल्याचं औषध दिलं. म्हणाल्या, "कुणाला खोकला आहे?"

मग अचानक म्हणाल्या, "त्या खुर्चीच्या मागच्या डाव्या पायाखाली पुठ्ठा घालायचा असतो, दुहेरी दुमडून. एल्डन दर मॅचला घालायचा."

खुर्ची डुगडुगते हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. काही बायकांना अशा गोष्टी न सांगता कळतात. मी थक्क झालो.

विषय काढला: शुक्रवारी येता का मैदानावर?

"कशाला? फोनवर सगळं दिसतं. आणि तू लिहितोस ते वाचायला मजा येते."

त्या स्कोअरबद्दल बोलत होत्या. आकड्यांतली मजा फार थोड्यांना कळते. योजना रुजते आहे.

१८ जून, गुरुवार

ॲपवर आपल्या मॅच किती जण बघतात, तो आकडा दिसतो. सुरुवातीला बोटांवर मोजण्याइतके होते. आता आमच्या गावात घरी बसणारी एवढी माणसंच नाहीत. अचूकतेला पर्याय नाही, दुसरं काय.

कॅफेत धान्याच्या कोठारावरची मंडळी बसली होती. एकजण म्हणाला, "ऑरिन, उद्या त्या टकल्या पंचाबद्दल काहीतरी येऊ दे हं." काय बोलतो कळलं नाही. मी हात केला. टकले पंच दारात भेटले, त्यांनी मात्र ओळख दाखवली नाही. तटस्थ माणसं एकमेकांपासून अंतर ठेवतात, हे योग्यच.

२३ जून, मंगळवार

लिहिण्यासारखा दिवस नाही. तरी लिहितो.

मॅचआधी टिमरमन बाई जिना चढून वर आल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "मिस्टर हॉगलंड, माझ्या बंटबद्दल तुमचं मत मला माझ्या आईकडून कळलं. ती ॲरिझोनात राहते."

मी म्हटलं, आईंना कसं कळलं?

ट्वायला म्हणाली, "अहो, टिप्पणी सगळ्यांना दिसते! तुम्हाला ठाऊक नव्हतं? लोक मॅच बघायला येतच नाहीत हो, तुम्हाला वाचायला येतात. माझा जावई कामावर बसून मोठ्याने वाचून दाखवतो." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अगबाई. खरंच ठाऊक नव्हतं."

घरी येऊन सगळ्या टिप्पण्या पुन्हा वाचल्या. पंचांच्या होत्या, बंटच्या होत्या, डॅरिलच्या होत्या. पण निम्म्याहून जास्त वेगळ्याच होत्या. 'एल्डन, हा आऊट होता का?' 'तू असतास तर काय दिलं असतंस?' 'एल्डन, मॅरेन तुझ्यासारखीच बॅट खांद्यावर टेकवते.' असं मी कधी लिहिलं, आठवत नाही. शेजारी बसलेल्याशी बोलायची सवय असते, त्यातला प्रकार असावा.

एवढ्या लोकांनी वाचलं आणि एकानेही माझ्यापाशी त्याचा उल्लेख केला नाही. आमचं गाव तसं सभ्य आहे.

२४ जून, बुधवार

निश्चय. यापुढे एक शब्द नाही. नियमांचं पुस्तक काढून वाचलं. स्कोअर लिहिणाऱ्याने मैदानावर घडणाऱ्या गोष्टींत पडायचं नसतं. इथपर्यंत, की एखाद्या संघाची ठरलेला क्रम सोडून भलतीच मुलगी बॅटिंगला आली, तरी त्याने कुणाचं लक्ष वेधायचं नाही. ते समोरच्या कोचने पकडायचं. पकडलं नाही तर गेलं. ज्याने लिहायचं, त्याने बोलायचं नाही.

वाक्य मनापासून पटलं. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून बॉक्सच्या भिंतीला लावलं: 'स्कोअर लिहिणाऱ्याने बोलायचं नसतं.' ट्वायला म्हणाली, "आता? जून संपत आल्यावर?"

२६ जून, शुक्रवार

टिप्पणीविना पहिली मॅच. जिंकलो. बघणाऱ्यांचा आकडा निम्म्यावर आला. मका वाढला आहे, लोक शेतावर असणार.

मॅच चालू असताना वहिनींचे तीन फोन. शेवटी उचलला.

"ऑरिन, बरं नाही का तुला? आज काहीच लिहिलं नाहीस."

म्हटलं, स्कोअर लिहितोय की.

"नुसते आकडे दिसतात. बाटलीवरचं लेबल वाचल्यासारखं."

म्हटलं, लेबल नीट वाचत नाहीत म्हणूनच लोक आजारी पडतात. त्या म्हणाल्या, "बरं." अगदी एल्डनसारखं.

हे फोन म्हणजे मोठा व्यत्यय आहे. एकाग्रता ढळते. यापुढे मॅच असताना फोनची घंटा बंद.

२ जुलै, गुरुवार

नियमित सीझनची शेवटची मॅच. मॅरेन नव्हती, तिच्या कॉलेजात नव्या मुलांना बोलावलं होतं. तिच्या जागी तिसऱ्या नंबरवर जोसी क्रूगर. नववीतली पोर, बॅट तिच्याहून उंच.

ॲपमध्ये आणखी एक बटण सापडलं: 'मागचाच क्रम वापरा'. बाई दर मॅचला नावांचा कागद देतात, तो बघून नऊ नावं एकेक करून भरायची कटकट आता संपली. एक बोट, काम खलास. एल्डन दरवेळी सगळी नावं हाताने लिहायचा. कीव येते.

५ जुलै, रविवार

जेवायला मॅरेनही होती. वहिनी आत गेल्यावर हळूच म्हणाली, "आजोबा, मंगळवारपासून बाद फेरी. हरलो की संपलं. आणि आजी अजून आलेली नाही."

म्हटलं, माझ्यावर सोड.

"मेपासून तुमच्यावरच सोडलंय."

वहिनींना थेट विचारलं. त्या वाटाण्याच्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "त्या खोलीचा जिना चढायचा, आणि वर तो नाही. तुला जमतं ऑरिन, मला नाही जमत."

मला जमतं, हे खरं आहे. माणसं वेगवेगळी असतात.

७ जुलै, मंगळवार

आजचं सविस्तर लिहायला हवं.

बाद फेरी, घरचं मैदान, समोर रिजवे. बाईंनी नावांचा कागद दिला. मी तो कॉफीच्या कपाखाली ठेवला आणि एका बोटात क्रम भरला. शांत होतो.

पहिल्या इनिंगमध्ये तिसऱ्या नंबरला मॅरेन बॅट घेऊन आली. मी फोनकडे पाहिलं. फोनवर होतं: जोसी क्रूगर.

क्रम चुकला! बाद फेरीत, टिमरमन बाईंनी, भलतीच मुलगी बॅटिंगला पाठवली! रिजवेच्या कोचच्या लक्षात आलं तर मॅरेन जागच्या जागी आऊट. खिडकीतून ओरडावंसं वाटलं. पण भिंतीवर माझंच अक्षर होतं. बोलायचं नसतं.

बोललो नाही. एवढंच नव्हे, ॲपवरूनही कुणाला सुगावा लागू नये म्हणून सगळं निमूटपणे जोसीच्याच नावावर दाबत राहिलो. मॅरेनने चेंडू कुंपणापर्यंत मारला आणि दुसऱ्या बेसवर पोचली. सगळे उभे राहिले. मी टाळीसुद्धा वाजवली नाही.

ट्वायला मात्र माइकवरून गुन्ह्याचा पुकारा करत होती. "तिसऱ्या क्रमांकावर, मॅरेन हॉगलंड!" मी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. ती म्हणाली, "ऑरिन, पाय आवरा. या वयात काय हे?"

तिसऱ्या इनिंगमध्ये मॅरेन पुन्हा आली, पुन्हा मारलं. माझा शर्ट घामाने भिजला. जोसीची आई जिन्याखाली येऊन उभी राहिली. नेब्रास्काहून तिचा भाऊ फोन करून करून अभिनंदन करत होता, म्हणे जोसीने बाद फेरीत दोनदा मारलं. आणि जोसी तर समोर बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया खात होती.

मी खिडकीतून म्हटलं, "आत्ता काही विचारू नका. मॅच संपल्यावर बोलू."

तिने मला थंड पाण्याची बाटली पाठवली. ऊन लागलं असं तिला वाटलं असावं.

पाचव्या इनिंगमध्ये कुंपणापलीकडच्या गवतात एल्डनची पिकअप येऊन थांबली. मार्चपासून ती शेडमधून हललेली नव्हती. क्षणभर मला वाटलं. काय वाटलं ते लिहायचं कारण नाही.

उतरल्या वहिनी. एप्रन, घरातल्या सपाता, खिशात शेंगा. जिना एका दमात चढल्या.

"मॅरेन कुठाय?"

मी मैदानाकडे बोट केलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभी होती, चेंडू अडवायच्या तिच्या नेहमीच्या जागी, पायाने माती सारखी करत.

वहिनींनी दाराची चौकट धरली. मग म्हणाल्या, "फोनवर पोरीचं नावच नाही. सबंध मॅचमध्ये एकदाही नाही. किती फोन केले तुला! मी म्हटलं पडली, लागलं, हॉस्पिटलात नेली. फोन कुठाय तुझा?"

"हातात."

"मग वाजत का नाही?"

"घंटा बंद केली. तुमच्या फोनमुळे."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, हळू बोला, क्रम चुकलाय, अजून कुणाला कळलेलं नाही, मी गप्प आहे.

वहिनींनी माझा कॉफीचा कप उचलला. खालचा कागद माझ्यासमोर धरला.

"वाच."

तीन नंबर, मॅरेन हॉगलंड. टिमरमन बाईंचं सुंदर अक्षर, भोवती कपाचा गोल डाग. जोसीचं नाव खाली, राखीव मुलींत.

म्हणजे क्रम कुणाचाच चुकलेला नव्हता.

ट्वायलाने टेबलावर डोकं टेकवलं. खांदे हलत होते. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे जी गोष्ट घडलीच नाही, ती लपवायला तू पाच इनिंग तोंड मिटून बसलास?"

मी भिंतीकडे बोट दाखवलं. नियम आहे.

"सरक," त्या म्हणाल्या.

मला वाटलं शेजारच्या स्वतःच्या खुर्चीवर बसतील. ट्वायलाने तिच्यावरची पिशवीसुद्धा काढली. पण त्या एल्डनच्या खुर्चीवर बसल्या. पाय डुगडुगला, तसा त्यांनी तोच नावांचा कागद दुमडून खाली घालायला घेतला, मग थांबल्या, आणि माझा भिंतीवरचा पुठ्ठा काढून घातला. कागद उलटा केला, ट्वायलाकडून पेन्सिल मागितली आणि स्कोअरसाठी रेघा मारायला लागल्या.

खाली मॅरेनने सहज वर पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग हातमोजा वर केला आणि तसाच धरून ठेवला, इतका वेळ की पंचांनी विचारलं काय झालं.

जिंकलो, सहा-चार.

उद्दिष्ट साध्य झालं आहे, याची नोंद घ्यावी. वहिनी मैदानावर आल्या, त्या ॲपमुळेच. मार्ग योजनेपेक्षा थोडा वेगळा होता.

८ जुलै, बुधवार

सगळी सकाळ जोसीच्या हिट मॅरेनच्या नावावर परत करण्यात गेली. नेब्रास्काचा मामा नाराज आहे म्हणतात.

टिमरमन बाई घरी आल्या. पुढच्या मॅचपासून रजिस्टर वहिनींकडे, ॲप ट्वायलाकडे. मला म्हणाल्या, "तुम्ही बॉक्समध्ये असा, म्हणजे झालं." थोडक्यात, सल्लागार. तो शब्द त्यांनी वापरला नाही, पण कामाचं स्वरूप तेच.

१० जुलै, शुक्रवार

सल्लागार म्हणून पेन्सिलींना टोकं केली. दोनदा लेमोनेड आणलं. तिसऱ्या वेळी वहिनींनी सांगितलं, "बस आता, हलू नकोस."

सेंट ओडिलशी मॅच. सातव्या इनिंगपर्यंत बरोबरी. सातवी शेवटची. दोन आऊट, त्यांची एक मुलगी तिसऱ्या बेसवर. चेंडू जमिनीवरून मॅरेनकडे आला. ती वाकली. चेंडू हातमोज्यात गेला आणि निघाला. त्यांची रन झाली.

अशा वेळी स्कोअर लिहिणाऱ्याला एक गोष्ट ठरवावी लागते आणि ती एकट्याने ठरवावी लागते. हिट म्हटलं तर मारणारीचं श्रेय, एरर म्हटलं तर अडवणारीची चूक, आणि ती कायमची कागदावर. मी सल्लागार या नात्याने शांतपणे माझं मत मांडलं. वहिनींनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि एरर लिहिली. खाडाखोड नाही.

मग आमची पाळी. तीन मुली, तीन आऊट. सीझन संपला.

लोक पांगल्यावर मॅरेन वर आली. गालांवर मातीचे ओघळ.

"आजी, काय दिलंस?"

"एरर."

"माझीच होती."

"हो. उशिरा वाकलीस."

मॅरेनने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. तिला टोचू नये म्हणून वहिनींनी पेन्सिलीचा हात लांब धरला. दोघी तशाच बसल्या. मी लेमोनेडचे पेले गोळा केले.

थोड्या वेळाने मॅरेन मला म्हणाली, "आणि तुम्ही असतात तर काय दिलं असतं?"

म्हटलं, "एररच. स्कोअर लिहिणाऱ्याला नात-बित काही नसते."

ट्वायला उगाचच पिशवी उघडून आत बघायला लागली.

मॅरेन म्हणाली, "आजोबा, माइक चालू होता. सगळ्या मैदानाने ऐकलं. सेंट ओडिलच्या पोरींनीसुद्धा. तुम्ही उभं राहून ओरडत होतात, 'हिट आहे, एल्डन! हिट लिही! एल्डन, लिही ना!'"

मी वहिनींकडे बघितलं. त्या रजिस्टर मिटत होत्या.

म्हणाल्या, "त्यानेही एररच लिहिली असती."